वस्तीची वेळ

जुन्या मुंबईतल्या इमारतींत विजेचे मीटर बहुतेक जिन्याखाली असायचे. तिथे उजेड नसायचा. टॉर्च मारून आकडे वाचायचे, वहीत टिपायचे, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यांवरून जो वास खाली यायचा तो आपोआप डोक्यात बसायचा. मी १९८४ साली बेस्टमध्ये लागलो, २०१६ साली निवृत्त झालो. बत्तीस वर्षांतला बराचसा काळ मीटरचं रीडिंग घेण्यात गेला. बेस्टची वीज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, त्यामुळे माझी मुंबईही तेवढीच. भुलेश्वरला अकराच्या सुमारास डाळीवर हिंगाची फोडणी पडायची. माटुंग्याला सांबाराचा वास. भेंडी बाजारात तळलेला कांदा. खोताच्या वाडीत एक आंबूस, झणझणीत वास यायचा, तो व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मसाल्याचा हे कळायला मला चार वर्षं लागली.

हे सगळं नाकाने घ्यायचं आणि दुपारी एक वाजता सावलीचा एखादा ओटा बघून घरचा डबा उघडायचा, असा माझा दिवस. चपाती, भाजी, बुधवारी तळलेला बांगडा. ज्या वस्त्यांच्या प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या मला पाठ होत्या, तिथलं मी फारसं काही खाल्लेलं नव्हतं. पहिली वर्षं पैसे नव्हते, नंतर सवय राहिली नाही.

निवृत्तीनंतर माझी पुतणी म्हणाली, "काका, तुम्हाला एवढ्या गल्ल्या माहीत आहेत, आम्हाला फिरवा ना." ती डोंबिवलीला राहते, नोकरी लोअर परळला. तिच्या ऑफिसातल्या पाच जणांना घेऊन ती डिसेंबरातल्या एका रविवारी आली. मला सगळ्यांत जास्त ओळखीचा भाग भेंडी बाजार, म्हणून मी त्यांना सकाळी साडेदहाला तिकडे घेऊन गेलो. निम्मी शटर खाली होती. एक माणूस फुटपाथवर भलीमोठी देग आडवी करून आतून घासत होता. एका हॉटेलात बाकं उलटी ठेवून फरशी धुणं चालू होतं. तिथले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "चाचा, रात को आओ ना. अभी तो हम सोए भी नहीं ठीक से."

मी गप्प झालो. बत्तीस वर्षं मी त्या रस्त्यावर येत होतो आणि दर वेळी सकाळी दहा ते चारच्या मध्ये. ती वस्ती जागी असताना मी तिला एकदाही बघितलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक नेम पाळला. कुठेही जायचं तर आधी त्या वस्तीची वेळ कोणती हे शोधायचं, आणि आपली झोप, आपली लोकल, आपलं जेवण तिच्याप्रमाणे हलवायचं. महिन्यातून एक फेरी. एका फेरीत एकच वस्ती. माणसं सहाच्या वर नाहीत, कारण सातवा माणूस आला की चिंचोळ्या गल्लीत हातगाडीवाल्याला वाट मिळत नाही. आणि एक पदार्थ दोघांत मिळून घ्यायचा, म्हणजे शेवटपर्यंत पोटात जागा राहते. मी पैसे घेत नाही. ज्याने जे खाल्लं त्याचं त्याने द्यायचं.

माटुंग्याची वेळ पहाटेची. आम्ही सव्वासहाला मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाबाहेर भेटतो. तेव्हा फुलवाले ओल्या फडक्यांवर मोगरा आणि अबोली मांडून केळीच्या सोपटाने गजरे बांधत असतात. आस्तिक समाजाच्या देवळाकडे जाणारे लोक तिथेच थांबतात. फुलवाल्याच्या हाताकडे जरूर बघा. डाव्या हाताच्या दोन बोटांत फुलं, उजव्या हाताने वेढा आणि गाठ, आणि नजर गिऱ्हाइकाकडे. पांढरं लुंगीसारखं मुंडू नेसलेले आजोबा तमिळमध्ये भाव विचारतात आणि फुलवाला त्यांना तमिळमध्येच उत्तर देतो, तो स्वतः कुठलाही असो.

हा भाग असा आखीव, रुंद रस्त्यांचा का, हे मी पोरांना इथेच सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट गेली. मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून तिथे झाडं, बागा आणि बेताच्या उंचीच्या इमारती असा नवा गाव वसवला गेला. मद्रासकडून, पालघाटहून, मंगळूरहून कारकुनीसाठी, रेल्वेसाठी, टायपिस्टच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या लोकांनी इथे खोल्या घेतल्या. एकट्या पुरुषांना जेवण हवं होतं, म्हणून उडुपी बोर्डिंगं निघाली. स्टेशनाजवळचं ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे, कॅफे मद्रास १९४० पासून.

कॅफे मद्रासला रविवारी आठनंतर गेलात तर फुटपाथवर तासभर उभं राहावं लागेल. उघडताच गेलं की शांतपणे बसता येतं. मी रसम वडा मागवतो. वडा रसमात बुडून मऊ झालेला हवा, पण हात लावताच फुटणारा नको, आणि हे त्यांना बरोबर जमतं. पोरांना रागी डोसा आणि अननसाचा शिरा आवडतो. नंतर फिल्टर कॉफी, पितळी किंवा स्टीलच्या पेल्यात, खाली खोलगट वाटी. पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत ती निववायची. फुंकर मारून प्यायलात तर फेस जातो, आणि त्या फेसातच तर मजा आहे.

बाहेर पडलं की कॉफीच्या दुकानात जातो. तिथे बिया डोळ्यांसमोर दळून मिळतात आणि दुकानदार विचारतो, चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड, किती? हा प्रश्न माटुंग्यात फार गंभीर आहे. आमच्यातल्या एकीने "तुम्हीच ठरवा" असं सांगितलं, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका मावशींनी तिला बाजूला घेऊन दहा मिनिटं समजावलं. दूध म्हशीचं की गाईचं, कॉफी सकाळी एकदा पिता की दिवसभर, घरात फिल्टर कुठल्या आकाराचा, हे सगळं विचारून त्यांनी वीस टक्के ठरवून दिली. ओळख ना पाळख. अशा दहा मिनिटांसाठी मी पहाटे पाचला उठतो.

याच रस्त्यांवर संध्याकाळी सहाला परत या. फुलवाले कमी झालेले असतात, कच्छी-गुजराती कुटुंबं बाहेर पडलेली असतात, दाबेलीच्या गाडीवर तव्यात लोणी सुटलेलं असतं. रस्ता तोच, पण त्याला दोन वेळा आहेत, आणि त्या दोन वेळांची माणसं कित्येक वर्षं एकमेकांच्या वरच्या-खालच्या मजल्यांवर राहतात.

इराणी हॉटेलाची वेळ दुपारी चारची, असं माझं मत. सकाळी तिथे घाई असते. चारला मात्र कोणालाच कुठे जायचं नसतं. धोबीतलावला कयानी आहे, १९०४ पासूनचं. इराणमधल्या यझ्द आणि केरमानकडून आलेल्या या झोरोस्ट्रियन लोकांनी रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या. आपल्याकडचे दुकानदार कोपरा अशुभ मानून सोडून देत, आणि दोन्ही रस्त्यांवरून गिऱ्हाईक दिसतं म्हणून यांना तोच हवा होता. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवायचा, पण तीन मोजेपर्यंतच. ग्रँट रोड स्टेशनासमोरच्या मेरवानचा मावा केक हवा असेल तर मात्र ही चारची वेळ कामाची नाही. मी तिथे नेहमी सकाळी लवकर गेलो आहे आणि तरीही एक-दोनदा रिकाम्या ट्रे बघून परत आलो आहे.

आता मस्जिद बंदर. इथे दाखवायला पदार्थ कमी आणि सांगायला जास्त आहे, आणि माझ्या सगळ्या फेऱ्यांत ही मला जवळची आहे.

रेल्वेच्या या स्टेशनाचं नाव कोणत्या मशिदीवरून पडलं असं विचारलं की सगळे जकारिया मशिदीचं नाव घेतात. पण इथली जुनीजाणती माणसं वेगळं सांगतात. सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्राएल लोकांचं सिनेगॉग आहे, शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. सॅम्युएल दिवेकर यांनी ते १७९६ साली बांधलं, मुंबईतलं पहिलं. त्यांचं घरातलं नाव सामाजी हसाजी. ते कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. लोक त्या प्रार्थनास्थळाला 'जुनी मशीद' म्हणत आणि तेच नाव पुढे स्टेशनाला लागलं. रस्त्यालाही सॅम्युएल यांचंच नाव आहे.

बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. अलिबाग, पेण, रोहा या भागात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर. घरची भाषा मराठी. त्यांच्यात कीर्तनंही मराठीत झाली आहेत, बायबलमधल्या गोष्टींवर.

मी नवा नवा असताना या भागात एका शनिवारी रीडिंगला गेलो. एका घराचा मीटर आत, दरवाज्यावर होता. पांढरं नऊवारी नेसलेल्या एक आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाळा, उद्या-परवा ये हो. आज आमचा शब्बाथ, आज मी दिव्याचं बटणही लावत नाही, मग मीटर कशाला बघतोस?" मी लालबागचा मुलगा. ख्रिस्ती माहीत होते, पारशी माहीत होते, पण माझ्या आजीसारखं मराठी बोलणाऱ्या आणि यहुदी असलेल्या बाई मी पहिल्यांदा बघत होतो. त्यानंतर मी त्या इमारतीचा शनिवार कधी धरला नाही. पहिल्यांदा वस्तीची वेळ पाळली ती मी तिथे, फक्त तेव्हा मला ते कळलेलं नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी एकदा गेलो तर घर माणसांनी भरलेलं. आजींचा नातू इस्राएलला कायमचा निघाला होता, म्हणून मलिदा होता. भिजवलेले पोहे, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, आणि ताटात भोवती कापलेली फळं. प्रवासाला जाताना, लग्नात, नवस फेडताना ते एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने हे ताट करतात, प्रार्थना म्हणतात आणि मग वाटतात. आजींनी माझ्या हातावर मूठभर ठेवलं. "खा, प्रसादच समज." चव अगदी आमच्या घरच्या गोड पोह्यांची. फक्त समोर भिंतीवर हिब्रू अक्षरं होती आणि दारात बांधलेल्या दोन पेट्या.

ती इमारत आता नाही. कुटुंब कुठे आहे मला माहीत नाही. १९४८ नंतर यांच्यातले बहुतेक लोक हळूहळू इस्राएलला गेले, आणि तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. हे ऐकलं की माझ्या फेरीतली पोरं थबकतात. सिनेगॉगमध्ये जायचं तर आधी विचारून, ओळखपत्र घेऊन जावं, आणि शनिवारी फिरायला म्हणून जाऊच नये. मलिदा इथल्या कुठल्याही हॉटेलात विकत मिळत नाही. मिळायलाही नको, ती घरातली गोष्ट आहे. मी बरोबर डबाही आणत नाही. आम्ही खजूर आणि सुकामेव्याच्या घाऊक दुकानांतून चालतो, एक-एक खजूर चाखतो आणि मी त्या मुठीची गोष्ट सांगतो.

भेंडी बाजाराकडे परत यायला मला दोन महिने लागले. या वेळी रात्री नऊला गेलो, इशाची नमाज झाल्यावर. रमझानमध्ये जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मिनारा मशिदीभोवतीची ती रोषणाई, सुलेमान उस्मानचा ताटाएवढा मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी बघण्यासारखीच आहे. पण पहिली भेट साध्या महिन्यात घ्या. रमझानमध्ये गर्दी तुम्हाला ढकलत नेते. साध्या रात्री नूर मोहम्मदीत, १९२३ सालच्या त्या हॉटेलात, नल्ली निहारी मागवून बसलात तर वाढणारा माणूस नळी ताटलीत कशी आपटायची हे दाखवायलाही थांबतो. बोहरी मोहल्ल्यात बारा हंडी बघा. ओट्यात बसवलेल्या हंड्या, खाली निखारे, प्रत्येकीत पाया, नळी असं काही ना काही रात्रभर मंद शिजत असतं. सकाळी साडेदहाला ज्या माणसाला मी देग घासताना बघितलं होतं, त्याच्या कामाची वेळ मला तेव्हा उमगली. शेवटी ताज आइस्क्रीम, १८८७ पासूनचं, अजून लाकडी पिंपात बर्फ-मीठ घालून हाताने फिरवलेलं. सीताफळाच्या दिवसांत गेलात तर दुसरं काही मागू नका.

पुतणीच्या एका बोहरी मैत्रिणीच्या घरी आम्हाला थाळाचं आमंत्रणही मिळालं. एकाच मोठ्या थाळ्याभोवती आठ जण. आधी घरातला लहान मुलगा सगळ्यांच्या हातांवर पाणी घालतो. मग चिमूटभर मीठ चाखायचं, मग गोड, मग खारं, पुन्हा गोड. थाळ्यात एक दाणाही टाकायचा नाही. मैत्रिणीच्या आजोबांनी विचारलं, "आप कहाँ थे नौकरी में?" मी बेस्ट म्हटल्यावर त्यांनी त्यांच्या जुन्या इमारतीचं नाव सांगितलं, आणि मी तिचा जिना, मीटरची जागा, तिथे बसणारं मांजर, सगळं सांगितलं. ती इमारत पुनर्विकासात पडली आहे. आता ते नव्या टॉवरात राहतात आणि मीटर सगळे तळमजल्यावर एका स्वच्छ खोलीत रांगेने आहेत. दोघांनाही थोडा वेळ काही बोलवेना. घर चांगलं झालं आहे, पाणी चोवीस तास आहे, लिफ्ट आहे. तरीही.

मध्यंतरी लोकलमध्ये पुतणीने विचारलं, "काका, आपल्या लालबागची वेळ कुठली?"

मला उत्तर सुचेना. मी लहान असताना हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. गिरणीचा भोंगा हीच लालबागची वेळ होती. सातच्या पहिल्या पाळीच्या आधी तो वाजायचा आणि आख्खी चाळ जागी व्हायची. माझे वडील साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर होते. आई खानावळ चालवायची. नऊ जण जेवायला, सगळे रत्नागिरी-सावंतवाडीकडचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले. पाळ्या तीन, म्हणून आमची चूल दिवसातून तीनदा पेटायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमचे नऊ जण एकेक करून गावी गेले. मी बेस्टमध्ये चिकटलो तेव्हा आईच्या चुलीवर फक्त आमचं चौघांचं शिजत होतं आणि सकाळी सातला काहीच वाजत नव्हतं.

पण मी त्या प्रश्नावर बराच विचार केला, आणि या एप्रिलमध्ये फेरी लालबागलाच ठेवली. दुपारी बारा, टळटळीत ऊन. मिरची गल्लीत बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी यांचे ढीग. आधी मिरच्या निवडून घ्यायच्या, मग धणे, खसखस, दगडफूल, नाकेसर म्हणजे नागकेशर, तिरफळं, मग सगळं भाजून डंकावर कुटायला द्यायचं आणि आपला मसाला दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून जागेवर बसून राहायचं. आमची ही गेली पस्तीस वर्षं तेच करते. त्या दिवशी तिच्या पुढे एक आगरी बाई होती, मागे चिपळूणच्या एक मुसलमान काकी, आणि त्यांच्या मागे हातात रिकाम्या बिअरच्या तपकिरी बाटल्यांची पिशवी घेतलेल्या एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या बाई. त्यांचा बाटली मसाला याच उन्हात होतो, वीस-पंचवीस जिन्नसांचा, आणि उजेड लागू नये म्हणून गडद बाटलीत ठासून भरतात.

आमच्या हिने त्यांना विचारलं, "नाकेसर किती घालता हो?" त्यांनी बोटांवर दाखवलं. ही म्हणाली, "एवढं? कडू होत नाही?" काकी मधे पडल्या, "भाजताना तेल नको लावू, मग नाही होत." डंकाच्या धडधडीत सगळ्या ओरडून बोलत होत्या. डोळे चुरचुरत होते, आमच्यातल्या एका मुलाला शिंका थांबेनात. त्याला मी बाहेर नेऊन लिंबू सरबत पाजलं. परत आलो तर पुतणी बाकावर त्या बायकांच्या मधे बसली होती, मांडीवर कोणाची तरी मिरचीची पिशवी, आणि नाकेसराचं माप मोबाइलमध्ये टिपून घेत होती.